रोझेल ते पोकिप्सी

थँक्सगिव्हिंग हा इथल्या सणांपैकी मला मनापासून आवडणारा सण. कारण अगदी साधं आहे. चार दिवस सुट्टी मिळते आणि कुणाला भेटवस्तू द्यावी लागत नाही. एकत्र जमायचं, आकंठ जेवायचं आणि सोफ्यावर आडवं व्हायचं, एवढंच काय ते कर्मकांड. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या दुपारशी याचं फारच जवळचं नातं आहे. यादवी युद्ध ऐन भरात असताना १८६३ साली लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर पाळायचं जाहीर केलं आणि १९४१ साली कायदा होऊन चौथा गुरुवार पक्का झाला. बुधवारी दुपारनंतर आमच्या लॅबमध्ये चिटपाखरूही नसतं. जे असतात ते सगळे माझ्यासारखे देसी नाहीतर चिनी.

आमच्या शेजारच्या आजी दर वर्षी न चुकता जेवायला बोलावतात. पहिल्या वर्षी आम्ही शाकाहारी असल्याचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "त्यात काय, टर्की सोडून बाकी सगळं खा." प्रत्यक्षात ब्रेडचं सारण टर्कीच्या पोटात भाजलेलं, घेवड्याच्या शेंगांत बेकनचे तुकडे. उरले कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरीचा मुरंबा आणि भोपळ्याचा पाय. तेव्हापासून बायको दर वर्षी मोठा डबा भरून बटाटेवडे नेते. टेबलावर सगळ्यात आधी तोच डबा रिकामा होतो, हे सांगायला नकोच.

या वर्षी आजी लेकीकडे फ्लोरिडाला गेल्या. म्हणजे चार दिवस, आम्ही तिघं आणि एक पत्र. पत्र म्हणजे पुण्याच्या एका कंपनीची मेल. ऑक्टोबरपासून ती माझ्याकडे पडून आहे. काम माझ्याच विषयातलं, पगार तिथल्या मानाने उत्तम. उत्तर डिसेंबरअखेर द्यायचं आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा मी पुण्याला पोचलो तो सावडण्याच्या दिवशी. त्यानंतर आई एकटी राहते. ती कधी काही म्हणत नाही. फोन ठेवताना फक्त विचारते, "मग, कधी येताय?" या प्रश्नाचे दोन अर्थ होतात आणि मी बारा वर्षं सोयीचा तेवढा घेत आलोय.

गुरुवारी सकाळी मी तिसऱ्यांदा ती मेल उघडून मिटल्यावर बायको म्हणाली, "घरात येरझारा घालण्यापेक्षा तुझं ते रोझेल आणि पोकिप्सी एकदाचं उरकून ये. नाहीतर असं कर, आम्हीही येतो."

तर मंडळी, ही त्या फेरीची गोष्ट.

रोझेल हे न्यू जर्सीतलं छोटंसं गाव. आमच्या घरापासून पाऊण तासावर. गावाचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते धंद्यामुळे. माझं पोटापाण्याचं काम वीजवहनाशी संबंधित आहे, आणि विजेच्या इतिहासात रोझेलला स्वतःची जागा आहे. सप्टेंबर १८८२ मध्ये एडिसनने मॅनहॅटनमध्ये पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, पण तिथल्या तारा जमिनीखालून नेल्या होत्या. न्यू यॉर्कच्या बड्या पेढ्यांना तो खर्च परवडला, खेड्यापाड्यांना कसा परवडणार? म्हणून लाकडी खांबांवरून तारा टाकून अख्खं गाव उजळता येतं, हे दाखवायला एडिसनने रोझेल निवडलं. १९ जानेवारी १८८३ रोजी तिथले दिवे लागले. आज आपल्या गल्लीत ज्या खांबावर तारांचं जंजाळ आणि पतंग लटकलेले दिसतात, त्याचे मूळपुरुष हे रोझेलचे खांब.

पुढे केव्हातरी आनंदीबाई जोशींबद्दल वाचत होतो. शाळेत धडा असतो, त्यापलीकडे मला फारसं ठाऊक नव्हतं. वाचता वाचता एका ओळीवर थबकलो. आनंदीबाई अमेरिकेत आल्या त्या थेट कार्पेंटर नावाच्या कुटुंबाकडे राहायला गेल्या. गाव रोझेल, न्यू जर्सी. साल १८८३. मी तारखा जुळवून पाहिल्या. ४ जूनला त्या न्यू यॉर्कला उतरल्या. म्हणजे रोझेलच्या तारांवर दिवे लागून पाच महिनेही झाले नव्हते. ब्रुकलिनचा पूल खुला होऊन अकरा दिवस झाले होते. त्या येऊन बरोबर एक महिना झाला तेव्हा, ४ जुलैला, पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात एडिसनने तीन तारांची पद्धत चालू केली आणि तांब्याचा खर्च एकदम निम्म्याहून खाली आणला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रेल्वे कंपन्यांनी गावोगावची वेगवेगळी घड्याळं रद्द करून देशभर प्रमाणवेळ लावली. आमच्या इंजिनियर लोकांच्या पुस्तकात १८८३ हे वर्ष म्हणजे पर्वणीच आहे. आणि त्या सगळ्या खटाटोपाच्या मधोमध, रोझेलच्या एका घरात, नऊवारी नेसलेली एक अठरा वर्षांची मराठी मुलगी बसली होती, हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

"आनंदीबाई" म्हटलं की डोळ्यांपुढे कुणी पोक्त बाई उभी राहते. तो "बाई"चा परिणाम. ३१ मार्च १८६५ चा जन्म. माहेरचं नाव यमुना, माणसं कल्याणची. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात कारकून आणि वयाने वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळाला आणि आईला नीट डॉक्टर मिळाला असता तर, हा विचार तिथून सुरू झाला. गोपाळरावांच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा होत राहिल्या आणि बायकोला शिकवायचंच हे त्यांचं वेड सगळीकडे बरोबर फिरत राहिलं. ते वेड प्रेमळ नव्हतं. मारझोडीपर्यंत जाणारं होतं. पण त्याच वेडापायी त्यांनी कोल्हापूरच्या वाइल्डर नावाच्या अमेरिकन पाद्र्याशी पत्रव्यवहार केला, मला अमेरिकेत नोकरी मिळेल का, बायकोला शिकता येईल का, म्हणून. वाइल्डरने अमेरिकेत परतल्यावर हा पत्रव्यवहार आपल्या मिशनरी मासिकात छापून टाकला. उत्तराचा रोख असा की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू.

आणि इथे योगायोग बघा. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. वेळ जात नव्हता म्हणून तिथलं मासिक चाळलं, त्यात हे पत्र. घरी येऊन त्यांनी सरळ हिंदुस्थानात पत्र टाकलं. तिथून आनंदीबाईंचा आणि त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला तो काही वर्षं चालला. आनंदीबाई त्यांना "मावशी" म्हणू लागल्या. दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं. डेंटिस्टच्या खोलीतली जुनी मासिकं निरुपयोगी असतात असं मी यापुढे म्हणणार नाही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातोय, एकट्या का, जातीबाहेर टाकलं तर काय, अशा एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यातलं मुख्य. आज हे वाक्य जो तो आपापल्या सोयीने वापरतो. मला मात्र त्यातला "परत येईन" हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. नवरा बरोबर नव्हता. न्यू यॉर्कच्या धक्क्यावर मावशी घ्यायला आल्या होत्या.

आम्ही शुक्रवारी रोझेलला पोचलो तेव्हा सगळं राज्य मॉलमध्ये रांगा लावून उभं होतं, त्यामुळे रस्ते रिकामे. गाव अगदी साधं. दुतर्फा ओकची झाडं, पानांचे ढीग, ओसरीवर वाळलेले भोपळे. विजेच्या दिव्यांनी उजळलेलं पहिलं चर्च आमचंच, असं रोझेलचे लोक अभिमानाने सांगतात. त्या चर्चसमोर गाडी लावून मी वर तारांकडे बघत उभा राहिलो. लेक सहा वर्षांची आहे. ती म्हणाली, "बाबा, या तर आपल्या घरासमोरच्यासारख्याच आहेत." मी म्हटलं, तीच तर गोष्ट आहे. कार्पेंटरांचं घर कुठलं ते शोधत बसलो नाही. घरं बदलतात. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी त्या मुलीने या गावात दिवे लागताना पाहिले असतील का, एवढाच विचार मनात येत राहिला.

तो पहिला उन्हाळा त्यांचा बहुधा सगळ्यात सुखाचा काळ. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. १८५० साली खास स्त्रियांसाठी सुरू झालेलं हे कॉलेज, आज ते ड्रेक्सेल विद्यापीठात विलीन झालंय. डीन रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मंजूर केली. माझ्या पहिल्या सेमिस्टरला असिस्टंटशिप मिळाल्याची मेल आली तेव्हा मी खोलीत एकटाच नाचलो होतो, त्यामुळे या आकड्याची किंमत मला कळते.

मग हिवाळा आला. इथे मला माझा पहिला जानेवारी आठवतो. पुण्याहून आणलेलं स्वेटर, कानटोपी आणि आपल्याला थंडी सोसते हा गैरसमज. आनंदीबाईंकडे नऊवारी होती. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. खोलीतली शेगडी नीट पेटायची नाही आणि पेटली की खोलीभर धूर. शाकाहार सोडायचा नाही हे ठरलेलं, तेव्हा अभ्यास सांभाळून स्वतःचं स्वतः रांधायचं. आज पटेलांच्या दुकानात गोडा मसाल्यापासून कुळथाच्या पिठापर्यंत सगळं मिळतं. १८८३ साली फिलाडेल्फियात काय मिळत असेल? आणि वर गोपाळरावांची पत्रं. कपडे बदललेस का, तिकडची झालीस का, असली टोचणारी. आमच्या भाषेत सांगायचं तर ही लेटन्सीची अडचण आहे. पत्राला एका बाजूने महिनाभर तरी लागायचा. नवऱ्याने रागाने लिहिलेलं पत्र महिन्याने पोचणार, तिने रडत लिहिलेलं उत्तर आणखी महिन्याने, आणि तोवर तो कशाबद्दल रागावला होता हे त्यालाही आठवत नसणार. आमची भांडणं व्हॉट्सॅपवर दोन मिनिटांत सुरू होऊन पाच मिनिटांत संपतात. तंत्रज्ञानाने माणसाचं भलं केलंय का, असं कुणी विचारलं की मी हे उदाहरण देतो.

सुट्टी लागली की मात्र त्या रोझेलला जायच्या. मावशीकडे. एका बाईने, जिचा आपल्याशी धर्म, भाषा, रंग, कशाचाही संबंध नाही, तिने साता समुद्रापलीकडे या मुलीला माहेर दिलं. आपल्याकडे "माहेर" या शब्दात जे जे येतं, दार उघडं असणं, आपल्या आवडीचं आठवणीने करणं, "किती वाळलीस" असं म्हणणं, ते सगळं बहुधा त्या घरात असावं. परदेशात राहिलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात असं एखादं घर असतं. ज्याच्या नाही त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशी वेशात. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली. आजही एखाद्या इथल्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर असाच फोटो असतो, कपडे तेवढे जीन्सचे. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झालं. प्रबंधाचा विषय प्राचीन आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. गोपाळराव आदल्या वर्षीच येऊन पोचले होते. आणि या समारंभासाठी इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या पंडिता रमाबाई. इंग्लंडचा मुक्काम आटोपता घेऊन थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत इथेच राहिल्या. "थोड्या दिवसांसाठी" आलेल्यांची आपली परंपरा अशी जुनी आहे.

पण पदवी हातात येईपर्यंत क्षयाने आनंदीबाईंना गाठलं होतं. कॉखने क्षयाचा जंतू शोधल्याचं मार्च १८८२ मध्ये जाहीर केलं होतं. रोग कशाने होतो हे त्यांच्या पिढीच्या डॉक्टरांना कळू लागलं होतं, पण देण्यासारखं औषध कुणाकडेच नव्हतं. ते औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं ऑक्टोबर १९४३ मध्ये. कुठे? रटगर्समध्ये, न्यू जर्सीत, रोझेलपासून वीसेक मैलांवर. वाक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ नावाच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने मातीतल्या जीवाणूतून ते वेगळं केलं. श्रेयासाठी त्याला गाइडवर खटला भरावा लागला, तडजोडीत त्याला सहसंशोधक मानलं गेलं, तरी १९५२ चं नोबेल एकट्या गाइडला मिळालं. पीएच.डी. केलेल्या कुणालाही ही कथा सांगा, तो मान हलवून "पुढे?" एवढंच विचारेल. असो. मुद्दा असा की वीस मैल आणि साठ वर्षं. आमच्या धंद्यात अंतर कापायला तारा आहेत, साठ वर्षं कापायला काही नाही.

ऑक्टोबर १८८६ मध्ये नवरा-बायको न्यू यॉर्कहून निघाले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं उद्घाटन झालं. म्हणजे येताना तो पुतळा बंदरात नव्हता आणि जाताना होता तो जवळजवळ पूर्ण झालेला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट बघत होती. नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोचल्या. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. एकाही रोग्याला त्यांना आपल्या दवाखान्यात तपासता आलं नाही.

मग याला यश म्हणायचं का? हा प्रश्न लोक विचारतात आणि मलाही पडायचा. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि पुढे अनेक वर्षं त्यांनी व्यवसाय केला. १८९२ साली आनंदीबाईंच्याच कॉलेजातून गुरुबाई करमरकर पदवी घेऊन बाहेर पडल्या, १८९३ ला परतल्या आणि मुंबईत वीसहून अधिक वर्षं रुग्णसेवा करत राहिल्या. रमाबाई १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचल्या आणि ११ मार्चला शारदा सदन सुरूही केलं. त्यासाठीचा पैसा बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाचा, आणि त्याआधी लोकांची मनं वळवणारं इंग्रजी पुस्तक रमाबाईंनी फिलाडेल्फियात १८८७ साली काढलं. मला वाटतं हिशोब असा मांडायला हवा. आम्ही नेहमी एका माणसाच्या नावावर किती जमा आहे ते बघतो. जाळ्यात एखादा खांब स्वतः दिवा लावत नाही, तार मात्र त्याच्यावरूनच पुढे जाते.

परतणाऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव मी घरी जायचा विचार करताना टाळू शकत नाही. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला आले, तिथून लंडनला गेले आणि १९१७ साली करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. शहरात त्यांना राहायला कुणी जागा देईना. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. न्यू यॉर्कमध्ये खोली मिळाली, बडोद्यात नाही. माझ्यासारखा माणूस परत जायचं का यावर चर्चा करतो तेव्हा विषय असतात शाळा, ट्रॅफिक आणि फ्लॅटचे भाव. परतल्यावर दार उघडेल की नाही ही शंका माझ्या मनाला शिवतही नाही. ही माझी कमाई नव्हे, हे अधूनमधून आठवलेलं बरं.

शनिवारी पोकिप्सी. न्यू यॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी. आनंदीबाई गेल्यावर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या आणि मावशींनी त्या पोकिप्सीच्या स्मशानभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. दगडावर नाव आहे, नावापुढे एम.डी., १८६५ ते १८८७ ही वर्षं, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख. बाजूला कार्पेंटर मंडळी.

थंडी मरणाची होती. वाऱ्याने ओकची पानं दगडांवरून सरपटत होती. बायकोने डब्यातून आणलेली शेवंतीची फुलं ठेवली. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती घरी गेली होती ना? मग परत इकडे कशी आली?"

मी उत्तर देणार तेवढ्यात बायको म्हणाली, "तिची मावशी इथे होती."

मुलीला ते लगेच पटलं. मोठ्यांनाच असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. मी इतके दिवस समजत होतो की घर एकीकडे असतं आणि आपण दुसरीकडे, आणि कधीतरी हिंमत करून त्या दिशेने तोंड फिरवायचं. आनंदीबाई एकदा जिवंतपणी घरी गेल्या आणि एकदा अस्थी होऊन. दोन्ही वेळा दिशा उलट होती. दोन्ही वेळा वाट बघणारं कुणीतरी होतं.

निघताना सवयीने तोंडून निघून गेलं, "येतो हं." आपल्याकडे "जातो" म्हणत नाहीत ना. आईने लहानपणी त्यासाठी धपाटा घातलेला आठवतो. "जातो काय मेल्या, येतो म्हणावं." जगातल्या किती भाषांत निघणारा माणूस "येतो" म्हणतो ते मला माहीत नाही, पण बारा वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर मीही काचेपलीकडच्या बाबांना हेच म्हटलं होतं, आणि त्यांनी ते खरं धरलं होतं.

रविवारी रात्री, म्हणजे तिच्या सोमवारच्या सकाळी, आईला फोन लावला. फोटो दाखवले. तिला आनंदीबाईंच्या दगडापेक्षा नातीने कानटोपी घातली नव्हती याची चिंता जास्त. ठेवताना तिने नेहमीचं विचारलं, "मग, कधी येताय?"

म्हटलं, "जानेवारीत येतो. तीन आठवडे. ती कंपनी प्रत्यक्ष बघतो, शाळा बघतो. मग काय ते ठरवू आपण. तुलाही विचारायचंय."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला कशाला विचारतोस? आणि येताना ते क्रॅनबेरी का काय म्हणतोस ना, ते घेऊन ये. लोणचं घालून बघते."

तिकिटं काढली आहेत. कंपनीला तसं कळवलंय. पुढचं पुढे.

जाता जाता: कुणाला पोकिप्सीला जायचं असेल तर गाडीच हवी असं नाही. मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची आगगाडी थेट जाते, सगळा रस्ता हडसनच्या काठाकाठाने. जाताना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसा. आणि फुलं न्यूयॉर्कमधूनच घेऊन जा.